लाकडी विमान, चार भागीदार आणि वहिनींची गाडी

वाचकाचं पत्र:

"ताई, मिनेसोटात राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, ग्रीन कार्ड आहे. इथल्या ईएएच्या, म्हणजे हौशी विमानं बांधणाऱ्या-उडवणाऱ्यांच्या संघटनेच्या, चॅप्टरमध्ये तीन मित्र मिळाले. एकाने आयुष्यभर डेअरीच्या टाक्या वेल्ड केल्या, आता निवृत्त आहे. दुसरा शाळेत सुतारकाम शिकवतो. तिसरा आपला नाशिकचा पोरगा, एच-१बीवर आलेला. चौघांनी मिळून पिटेनपोल एअर कॅम्पर, म्हणजे नकाशावरून घरी बांधता येणारं दोन सीटचं छोटं विमान, बांधायचं ठरवलंय. गॅरेज माझं. दोघं म्हणतात सांगाडा लाकडाचा, वेल्डर म्हणतो पोलादी नळ्यांचा. मला अजून विमान उडवायचं लायसन्स नाही. बायको म्हणते, 'विमान आण नाहीतर सवत आण, हिवाळ्यात माझी गाडी गॅरेजमध्येच राहणार.' तिकडे कोल्हापूरचा भाचा विचारतोय, मामा, हे आपल्याकडे करता येतं का? सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

सांगाडा लाकडाचा करा. वेल्डरकाकांची समजूत कशी घालायची तेही सांगते, पण आधी कारण.

पोलादी नळ्यांमध्ये वाईट काहीच नाही. ४१३० क्रोमोली, म्हणजे मिश्र पोलादाची नळी, गॅस किंवा टिग वेल्डिंग, वरून कापड ही पद्धत जगभर मुरलेली आहे. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे एचएएलचं पुष्पक. कोल्हापूरकडच्या विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली शिक्षण घेतलं आणि पुढे बंगळुरात विमानं घडवली. त्यांच्या काळातलं हे पुष्पक १९५८ साली उडालं आणि पुढे फ्लाइंग क्लबांतून कित्येकजण त्यावर शिकले. त्याचाही सांगाडा नळ्यांचाच. तेव्हा काका काही भलतं सांगत नाहीयेत.

अडचण वेगळी आहे. नळ्यांचं काम म्हणजे एकाच्या हातात टॉर्च आणि बाकीचे तिघे हातात कॉफी घेऊन उभे. नळीचं टोक दुसऱ्या नळीवर नीट बसेल असं कानशीने घासून द्यायचं काम इतरांना देता येतं, पण ते संपलं की पुन्हा उभंच. दोन-तीन महिने असे गेले की नाशिकच्या पोराला बुधवारी संध्याकाळी ऑफिसात काम निघायला लागतं. लाकडाचं काम मात्र वाटून घेता येतं. एक जण रिबा म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या चौकटी करतोय, एक स्पार म्हणजे पंखाची लांब तुळई रंधतोय, एक शेपटीचे भाग जुळवतोय, सगळं एकाच वेळी, एकाच छपराखाली. चौघांनी मिळून बांधायचं असेल तर चौघांच्या हाताला काम पुरेल असंच बांधकाम निवडलेलं बरं.

आणि काकांना काम कमी पडेल ही भीतीच नको. लाकडी एअर कॅम्परलाही लोखंडकाम ढीगभर लागतं. पंख विमानाच्या धडाच्या वर उचलून धरणारे केबेन स्ट्रट, चाकांचा सांगाडा, इंजिन माउंट, पंखांच्या जोडांवरच्या पट्ट्या, दांडा आणि पेडलची जोडणी, हे सगळं पोलादाचं. ज्याने दुधाच्या टाक्यांना गळती लागू दिली नाही त्याच्या टिगची शिवण बघायला मला आवडेल. त्यांना हे सगळं एका कागदावर लिहून द्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात "हे फक्त तुमचं" असं लिहा. बहुतेक वादाचं मूळ तिथेच असतं. फक्त कारखान्यातल्या सवयीने जाड पत्रा वापरू नका म्हणावं. विमानात "अजून थोडं मजबूत करू" म्हणून वाढवलेलं पाव किलो शेवटी वजनकाट्यावर दिसतं, आणि एअर कॅम्परचं रिकामं वजन ६०० ते ७०० पौंडांच्या आसपास ठेवायचं असतं.

आता तुमची सुरुवात. इंजिन शोधू नका, चाकं घेऊ नका, रंग ठरवू नका. पिटेनपोल कुटुंबाकडून नकाशे मागवा, ते अजून विकतात, आणि पहिली रिब करा.

रिब म्हणजे पंखाच्या आडव्या छेदाचा आकार देणारी पातळ चौकट. तशा तिसेक लागतात. एका सपाट जाड प्लायवर पूर्ण मापाचं चित्र चिकटवायचं, रेषेच्या दोन्ही बाजूंना छोटे ठोकळे ठोकायचे, झाला जिग, म्हणजे साचा. त्यावर मेणकागद नाहीतर प्लास्टिक पसरा, नाहीतर पहिलीच रिब जिगला कायमची चिकटून बसेल. पाव इंच बाय अर्धा इंच जाडीच्या स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या घ्या. नाकाकडची वाकण करण्यासाठी पट्टीचं टोक गरम पाण्यात ठेवा, मग वाकवून जिगमध्ये दाबून वाळू द्या. चिकटवायची घाई त्या दिवशी करू नका, ओल्या लाकडावरच्या जोडाचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या तिरप्या काड्या कापून बसवा आणि प्रत्येक जोडावर पातळ प्लायचा तुकडा, म्हणजे गसेट, चिकटवा. एक बाजू वाळली की बाहेर काढून दुसऱ्या बाजूचे गसेट.

गोंद टी-८८ सारखा दोन भागांचा इपॉक्सी. समसमान काढायचा, आणि ढवळताना कंटाळा आला की अजून एक मिनिट ढवळायचा. दोन्ही पृष्ठभागांना लावा. सुतारकामाचे गुरुजी क्लॅम्प आवळून आवळून सगळा गोंद बाहेर काढतील, कारण फर्निचरच्या गोंदाला तसंच लागतं. इपॉक्सीला ते चालत नाही. जोड फक्त अंगाला अंग लागून राहील इतकाच दाब. हे त्यांना प्रेमाने सांगा, शिक्षकाला शिकवणं अवघड असतं.

प्रत्येक वेळी गोंद कालवला की त्यातलाच थोडा घेऊन उरलेल्या लाकडाचे दोन तुकडे चिकटवायचे आणि त्यावर तारीख आणि कोणता भाग केला ते पेन्सिलीने लिहायचं. गोंद पुरता वाळला की तो तुकडा पक्कडीत धरून मोडायचा. लाकूड फाटलं, गोंदाच्या रेषेवर लाकडाचे धागे दिसले, तर त्या दिवशीचं काम पास. जोड स्वच्छ सुटला आणि गोंदाची चकचकीत कातडी दिसली, तर त्या दिवशी केलेली रिब कितीही देखणी असली तरी चुलीत. चार भागीदारांत हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा, म्हणजे कोणाची रिब टाकली म्हणून कोणाला राग येणार नाही. निकाल तुकडा देतो, माणूस देत नाही.

लाकडाबद्दल थोडं. विमानाच्या दर्जाचं सिट्का स्प्रूस महाग असतं, विशेषतः स्पारसाठीची लांब फळी. बरेचजण डग्लस फर वापरतात. तो जास्त मजबूत पण वजनदार. कुठलंही घ्या, तंतू सरळ हवेत. पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरपे गेलेले असतील तर ती फळी बाजूला. गाठी, राळेचे कप्पे, आडव्या बारीक सुरकुत्या, सगळं नामंजूर. फळी विकणाऱ्यासमोर असं तासभर उलटून-पालटून बघायला लाज वाटू देऊ नका. आपल्या आया मंडईत भेंडीचं टोक मोडून बघतात तेव्हा कोणाला विचारतात? नट-बोल्ट मात्र विमानाचेच, एएन दर्जाचे. कोपऱ्यावरच्या दुकानातले नकोत.

एवढ्या सगळ्यात खर्च किती झाला? थोडं लाकूड, थोडं प्लाय, एक डबा गोंद. तीस रिबा पूर्ण होईपर्यंत तुम्हाला कळेल की दर बुधवारी कोण येतं, कोण कधीमधी येतं आणि कोण फक्त फोटोपुरता येतो. मग स्पारची महागडी फळी घ्या. घरी बांधायला घेतलेली कित्येक विमानं अर्धवट अवस्थेत विकली जातात, आणि त्यांतली पुष्कळशी इंजिन आधी घेतलेली असतात.

भागीदारीचं बोलायचं तर पैशासाठी भिशी चालवा तशी चालवा: दर महिन्याला ठरलेली रक्कम, वेगळं खातं, वही एकाकडे. फरक इतकाच की ही भिशी कोणी उचलायची नाही. बाहेर पडणाऱ्याला फक्त त्याने भरलेले साहित्याचे पैसे मिळतील, तासांची मजुरी मोजली जाणार नाही, आणि ते पैसेही बाकीच्यांना सवडीने देता येतील. कोणाची बदली झाली, घटस्फोट झाला, कोणी गेला, तुम्ही घर विकलं, तर काय, हे आत्ताच लिहा. आत्ता सगळे हसत सही करतील.

त्या कागदावर दोन गोष्टी अशा आहेत ज्यांकडे अमेरिकन मित्रांचं लक्ष जाणार नाही.

पहिली नाशिकच्या मुलाची. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावं लागतं, आणि सहमालक असतील तर त्या प्रत्येकाला ही अट लागू होते. एच-१बी चालत नाही. म्हणजे तो बांधू शकेल, पण नोंदणीच्या कागदावर त्याचं नाव आत्ता येणार नाही. हे त्याला शेवटी कळलं तर फार वाईट वाटेल. आज सांगा, वकिलाला विचारून त्याचे पैसे कसे सुरक्षित राहतील ते लिहा, आणि त्याचं ग्रीन कार्ड आलं की त्याला मालक करून घेण्याचं कलम त्यातच घाला.

दुसरी रिपेअरमनच्या प्रमाणपत्राची. घरी बांधलेल्या विमानाची दरवर्षी तपासणी करावी लागते. ती करायचा अधिकार विमानाच्या मुख्य बांधणाऱ्याला एफएए, म्हणजे अमेरिकेचं नागरी विमान खातं, देते, पण एका विमानामागे एकालाच. चौघांनी बांधलं तरी एकच. ते नाव कोणाचं, हे पहिल्या दिवशी ठरवा. मला विचाराल तर गुरुजींचं. त्यांची बदली होणार नाही आणि ते वही नीट लिहितील. तो माणूस उद्या नसला तर विमान काही अडत नाही, लायसन्सधारक ए अँड पी मेकॅनिककडून तपासणी करून घेता येते, फक्त पैसे पडतात.

वहीवरून आठवलं. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी बांधलेला असावा, असा एफएएचा नियम आहे. किट घेणाऱ्यांना त्याची धास्ती असते. तुम्ही फळीपासून सुरुवात करताय, तुम्हाला अडचण नाही, पण पुरावा हवा. फोटो काढताना रिबेसोबत रिब धरणाऱ्याचा चेहराही येऊ द्या. आणि कापड चढवायच्या आधी ईएएचा टेक्निकल काउन्सेलर बोलवा. स्वयंसेवक असतो, पैसे घेत नाही. कापड चढलं की आतलं काहीच दिसत नाही.

(रिब-स्टिचिंग, म्हणजे कापड रिबांना शिवून टाकायची वेळ आली की कोणीतरी वहिनींकडे बघेल. माझ्याकडेही सगळे असेच बघत होते. मेणाचा दोरा, लांब सुई, एक जण वर आणि एक जण खाली, आणि प्रत्येक टाक्याला ठराविक गाठ. यात बाईचा हात लागतो असं काही नाही, दोन माणसांचा संयम लागतो. नवऱ्यानेच शिवावं.)

इंजिनाचं थोडक्यात. बर्नार्ड पिटेनपोलने तुमच्याच राज्यातल्या चेरी ग्रोव्हला १९२८ मध्ये हे विमान उडवलं आणि लगेच पुढच्या वर्षी त्याला फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन लावलं. त्यामुळेच ते गरिबाचं विमान म्हणून गाजलं. आजही काहीजण फोर्डच लावतात आणि समोर रेडिएटर घेऊन मजेत उडतात. काहीजण शेव्हरोले कॉर्व्हेअरचं. मी तुम्हाला जुनं कॉन्टिनेन्टल ए-६५ सुचवेन. पैसे जास्त जातील, पण प्रमाणित इंजिन आणि त्याला मान्य असलेला पंखा, म्हणजे प्रोपेलर, असला तर चाचणी-उड्डाणं साधारण २५ तासांची असतात, नाहीतर ४०. शिवाय चौघांत एकही इंजिनवेडा नाही असं पत्रावरून दिसतं.

आता वहिनींचं. त्यांची पहिली अट तुम्हाला वाटते त्याहून सोपी आहे, पण निर्णय आत्ताच घ्यायला हवा. मूळ नकाशातला पंख एकसंध आहे, जवळजवळ २९ फूट. तो दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये सरळ मावत नाही. पण तीन तुकड्यांच्या पंखाचाही नकाशा मिळतो: मधला छोटा भाग आणि दोन बाजूंचे पंख. तो घ्या. विमानाचं धड अठरा फुटांच्या आत आहे, म्हणजे ते एका गाडीच्या जागेत मावतं. बाजूचे पंख भिंतीला टेकून उभे राहतील. रिबांचं काम बेसमेंटमध्ये करा, मिनेसोटाच्या जानेवारीत गॅरेजमध्ये गोंद वाळायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. फक्त बेसमेंटमध्ये जे करणार ते जिन्याने वर येतं का, हे आधी टेपने मोजा. वहिनींची गाडी आतच राहील. तसं त्यांना लेखी द्या, भागीदारीच्या कागदाला जोडूनच.

पण "सवत" म्हणताना त्यांना गाडीपेक्षा दुसरंच काही म्हणायचं असावं, आणि ते बोलायला हवं. घरी बांधलेल्या विमानांचे अपघात कारखान्यातल्या तशाच छोट्या विमानांपेक्षा जास्त होतात, हे खरं आहे. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्ये याचा मोठा अभ्यास केला. इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं ही मुख्य कारणं निघाली, आणि अपघात विमानाच्या पहिल्या काही उड्डाणांत जास्त होतात असं दिसलं. हे वहिनींपासून लपवू नका, त्यांना ते एक दिवस कुठूनतरी कळेलच. त्याऐवजी तुम्ही काय करणार ते सांगा.

पहिलं उड्डाण तुम्ही करणार नाही. चौघांपैकी कोणीही नाही, जोवर त्याला टेलव्हील, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या, विमानाची चालू सवय नाही. ईएएचे फ्लाइट अ‍ॅडव्हायझर असतात, ते योग्य माणूस ठरवायला मदत करतात. चाचणीच्या काळात प्रवासी न्यायला परवानगीच नाही, त्यामुळे मुलांना पुढच्या सीटवर बसवायचा प्रश्न तेव्हा येत नाही. तुमचं लायसन्स मात्र आताच सुरू करा. विमान बांधून होईपर्यंत वर्षं जातील, तेवढ्यात आरामात होईल. स्पोर्ट पायलट या छोट्या विमानांच्या लायसन्सला किमान २० तासांचं प्रशिक्षण लागतं, प्रत्यक्षात जास्तच धरा, आणि वर टेलव्हीलचं वेगळं एन्डॉर्समेंट. तुम्ही ग्रीन कार्डवाले, म्हणजे नागरिक नाही, तेव्हा पहिल्या धड्याआधी टीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याची मंजुरी घ्यावी लागेल. शाळेला आधीच विचारा. आणि आयुर्विम्याची पॉलिसी, नोकरीतली आणि खासगी दोन्ही, वहिनींच्या सोबत बसून शेवटच्या पानापर्यंत वाचा. हौशी उड्डाणाला ती लागू आहे की नाही ते त्यात लिहिलेलं असतं.

भाच्याला काय सांगायचं? करता येतं, पण दम लागतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. ते २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं २०२० मध्ये. मधल्या वर्षांत कागद फिरत होते. स्वतः पायलट असलेल्या माणसाची ही गोष्ट. अमेरिकेत गल्लीगल्लीत ईएएचा चॅप्टर आहे, तपासायला काका आहेत, नियम १९५० च्या दशकापासून घासून गुळगुळीत झालेले आहेत. आपल्याकडे हे सगळं प्रत्येकाला नव्याने उभं करावं लागतं. भाच्याने आत्ता रंधा धरायला शिकावं, तुमच्या रिबेच्या जिगचं चित्र पाठवा त्याला, एक रिब तिकडेही होऊ दे. आणि हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची चौकशी करावी. हवेत बसलेला मुलगा आणि फक्त यूट्यूबवर बघणारा मुलगा यांच्या प्रश्नांत फरक असतो.

शेवटचं, नकाशे मागवण्याच्याही आधीचं काम. दर जुलैत, ओशकोशच्या ईएएच्या मोठ्या मेळाव्याच्या आधी, विस्कॉन्सिनमधल्या ब्रॉडहेडला गवताच्या धावपट्टीवर पिटेनपोलवाले जमतात. चौघं जा, आणि वहिनींनाही न्या. तिथल्या मालकांशी बोला, कोणाला काय दुखतं ते ऐका. एखाद्या भल्या माणसाला विचारून पुढच्या सीटमध्ये चढून बघा, आधी तुम्ही, मग वहिनी. वर पंख, बाजूला स्ट्रट आणि तारा, पाय कुठे टाकायचा कळत नाही. चढताना गुडघा लागला, उतरताना डोकं आपटलं, तर ते आत्ताच कळलेलं चांगलं. काहींनी पंखाच्या मधल्या भागाच्या मागच्या कडेला बिजागरी लावून तेवढा तुकडा वर उचलता येईल असा केलेला असतो. तो कसा केलाय त्याचे फोटो काढून आणा.